मलेरियाची दोन औषधे एकत्र घ्यावीत का? आधी गोळ्यांचा हिशेब मांडा

मलेरियावरची दोन औषधे एकाच वेळी घेणे धोक्याचे आहे का, या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही, कारण आजच्या उपचारात मलेरियाला एकटे औषध सहसा दिलेच जात नाही. व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम हे मलेरियाच्या जंतूंचे दोन प्रकार. व्हायव्हॅक्स मलेरियात क्लोरोक्वीनच्या जोडीला प्रायमाक्वीन असते, फॅल्सिपेरम मलेरियात आर्टेसुनेट किंवा आर्टिमेथरच्या जोडीला दुसरे औषध असतेच असते, आणि क्विनीन दिले तर त्याच्यासोबत डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन द्यावे लागते. धोका असतो तो न ठरवता जमलेल्या जोडीचा. एका डॉक्टरांची औषधे चालू असताना दुसऱ्यांची सुरू होतात, घरात उरलेली जुनी पट्टी आठवते, केमिस्ट ताप ऐकून चार गोळ्या कापून देतो, आणि यांपैकी कोणालाच बाकीच्यांचा पत्ता नसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात कामाला गेलेल्या एका मजुराला थंडी वाजून ताप आला. आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन किटवर तपासले, फॅल्सिपेरम निघाला आणि तीन दिवसांचे पाकीट हाती पडले. पहिल्या दिवसाच्या गोळ्या घेऊनही ताप न उतरल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी घराकडे निघाला आणि वाटेत एका खासगी दवाखान्यात शिरला. तिथे लागोपाठ दोन दिवस त्याला 'मलेरियाचे इंजेक्शन' मिळाले आणि लिहून दिलेल्या यादीत क्लोरोक्वीन, अझिथ्रोमायसिन आणि उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन होते. तिसऱ्या दिवशी रात्री त्याला चक्कर येऊ लागली, छातीत धडधडू लागले, आणि घरच्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी औषधे भरून त्याला तालुक्याच्या रुग्णालयात आणले. पुढच्या पायऱ्या या पिशवीसाठी आहेत. त्यांत आलेल्या मात्रा आपले औषध ओळखता यावे म्हणून दिल्या आहेत; त्यांवरून स्वतः उपचार ठरवू नये.

पहिली पायरी: नाव नव्हे, घटक वाचा

घरातील सर्व औषधे, रिकाम्या पट्ट्यांसह, एका जागी मांडावीत. ठळक छापलेले नाव कंपनीचे असते; त्याखालच्या बारीक अक्षरांत औषधाचा घटक आणि त्याचे मिलिग्रॅम दिलेले असतात, आणि तेवढेच आपल्या कामाचे. पट्टी कात्रीने कापलेली असली तर नेमका तोच भाग दुकानात राहिलेला असतो. अशा वेळी गोळीच्या रंगावरून अंदाज न बांधता दुकानदाराकडून घटकाचे नाव कागदावर लिहून घ्यावे.

आकड्यांत एक सापळा आहे. क्लोरोक्वीनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष औषध, म्हणजे ज्याला 'बेस' म्हणतात ते, १५० मिलिग्रॅम असते; ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ते ३०० असते. प्रौढाला पहिल्या दिवशी ६००, दुसऱ्या दिवशी ६०० आणि तिसऱ्या दिवशी ३०० मिलिग्रॅम बेस दिला जातो. लहान गोळीच्या हिशेबाने त्या चार, चार आणि दोन गोळ्या होतात. 'पहिल्या दिवशी चार गोळ्या' एवढेच ध्यानात ठेवून कोणी ५०० च्या चार गोळ्या घेतल्या, तर मात्रा थेट दुप्पट होते. उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर क्लोरोक्वीनच्या बाबतीत फार थोडे आहे, त्यामुळे ही चूक किरकोळ समजू नये.

संधिवातासाठी किंवा ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेणारे बरेच लोक आहेत. त्यांच्या दृष्टीने ते 'सांध्यांचे औषध' असते, म्हणून मलेरियाच्या वेळी ते सांगायचे राहून जाते. हे औषध क्लोरोक्वीनचेच सख्खे भावंड आहे, आणि दोन्ही एकत्र झाल्यास हृदयावरचा भार वाढतो.

दुसरी पायरी: प्रत्येक औषध कशासाठी आहे ते विचारा

ठरवून केलेल्या जोडीत दोघांची कामे वेगळी असतात. व्हायव्हॅक्सचे जंतू रक्तात असतात, तसेच काही यकृतात सुप्त अवस्थेत दडून बसतात. क्लोरोक्वीन रक्तातले मारते, पण यकृतातल्यांना ते काहीच करीत नाही. ते काम प्रायमाक्वीनचे. म्हणून प्रौढाला ते रोज १५ मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवस दिले जाते. ही जोडी अनेक दशके जगभर वापरात आहे. क्लोरोक्वीनच्या संगतीने प्रायमाक्वीनचे रक्तातील प्रमाण वाढते, आणि दडलेल्या जंतूंवरचा परिणामही सुधारतो. 'दोन्ही गोळ्या कडक आहेत, एक संपल्यावर दुसरी घेतो' असे स्वतःच ठरवण्यात म्हणूनच नुकसान आहे.

फॅल्सिपेरमसाठीची जोडी वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. आर्टेसुनेट आणि आर्टिमेथर ही औषधे ज्या आर्टिमिसिनिन कुळातली आहेत, त्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. ही औषधे विलक्षण वेगाने जंतूंची संख्या खाली आणतात आणि काही तासांतच शरीरातून निघून जातात. उरलेसुरले जंतू संपवायला दीर्घकाळ टिकणारा जोडीदार लागतो. भारतात हा जोडीदार अनेक वर्षे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हा राहिला. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणाने ईशान्येकडील राज्यांसाठी आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ठरवले. सल्फाडॉक्सिनच्या पाकिटात हा जोडीदार फक्त पहिल्या दिवशी असतो आणि पुढचे दोन दिवस नुसते आर्टेसुनेट असते, त्यामुळे पाकीट अपुरे आहे असे वाटून कोणी त्यात आपल्या मनाने क्लोरोक्वीनची भर घालतात. पाकीट अपुरे नसते; पहिल्या दिवसाचे औषध कित्येक दिवस रक्तात काम करीत राहते. उलट जोडीदाराविना आर्टेसुनेटच्या नुसत्या गोळ्या खाल्ल्या, तर ताप जातो आणि काही आठवड्यांनी परततो. जंतूंमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होण्याचा धोका आहे, म्हणून अशा एकट्या गोळ्यांच्या विक्रीवर आपल्याकडे बंदीच घातली गेली.

खासगी दवाखान्यात दिले जाणारे 'मलेरियाचे इंजेक्शन' पुष्कळदा आर्टीथरचे असते. तेही याच कुळातले. तीन इंजेक्शने झाली म्हणजे उपचार संपला, असा समज सर्रास आहे. पण त्यानंतर जोडऔषधाचा तोंडाने घ्यायचा पूर्ण कोर्स लागतो. आपल्या उदाहरणातला मजूर आर्टेसुनेटच्या गोळ्या मध्येच सोडून आर्टीथर घेऊ लागला, म्हणजे त्याने औषध बदलले असे त्याला वाटले तरी कूळ तेच राहिले. नव्याने भर पडली ती क्लोरोक्वीनची, आणि फॅल्सिपेरमवर क्लोरोक्वीन आता भरवशाचे राहिलेले नाही. फायदा जवळपास शून्य आणि जोखीम पुरेपूर, असा तो व्यवहार झाला.

तिसरी पायरी: शेवटची गोळी कधी घेतली, ते तासांत लिहा

'एकत्र घेणे' म्हणजे एकाच घोटाबरोबर गिळणे, असे आपण धरून चालतो. शरीराचा हिशेब वेगळा असतो. औषधाचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ आर्टेसुनेटच्या बाबतीत तासा-दोन तासांचा आहे, प्रायमाक्वीनचा सुमारे सहा तासांचा, तर क्विनीनचा साधारण ११ तासांचा असून गंभीर आजारात तो आणखी लांबतो. ल्युमेफॅन्ट्रिनला तीन ते सहा दिवस लागतात, मेफ्लोक्वीनला दोन ते तीन आठवडे, आणि क्लोरोक्वीनचे अवशेष तर महिना-दोन महिने रेंगाळतात. मागच्या आठवड्यात घेतलेले मेफ्लोक्वीन आज 'बंद' असले तरी अंगात असतेच.

यावरून टाळायच्या जोड्या कळतात. क्विनीन आणि मेफ्लोक्वीन एकत्र आल्यास हृदयाचे ठोके बिघडण्याचा आणि झटके येण्याचा धोका असतो. म्हणून क्विनीनच्या शेवटच्या मात्रेनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय मेफ्लोक्वीन देत नाहीत. मेफ्लोक्वीन आणि क्लोरोक्वीन ही जोडीही झटक्यांच्या भीतीने टाळली जाते. हॅलोफॅन्ट्रिन हे औषध आता क्वचितच दिसते, पण परदेशातून आणलेल्या जुन्या पेटीत ते सापडलेच तर मेफ्लोक्वीनच्या आगेमागे ते कदापि घेऊ नये. ही जोडी प्राणघातक ठरू शकते. ल्युमेफॅन्ट्रिन घेतलेल्या रुग्णाला पुढे शिरेतून क्विनीन द्यावे लागलेच, तर ते ईसीजीवर नजर ठेवून, रुग्णालयातच द्यायचे असते.

डॉक्टरांकडे जाताना म्हणूनच एका कागदावर तीन रकाने आखून घटकाचे नाव, एकूण किती गोळ्या घेतल्या आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला किती वाजता घेतली, एवढे लिहून न्यावे. 'काल संध्याकाळी काहीतरी पांढरी गोळी घेतली' या वाक्यापेक्षा तो कागद शंभर पटींनी उपयोगी पडतो.

चौथी पायरी: मलेरियाबाहेरची औषधे मोजा

हृदयाचा प्रत्येक ठोका झाल्यावर पुढच्या ठोक्यासाठी स्नायू पुन्हा सज्ज होतो. ईसीजीवर या काळाला क्यूटी अंतर म्हणतात. क्लोरोक्वीन, क्विनीन आणि काही प्रमाणात ल्युमेफॅन्ट्रिन हे अंतर लांबवतात. एकट्याने लांबवले तर निरोगी माणसाला सहसा जाणवतही नाही. पण अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑनडॅनसेट्रॉन, डॉम्पेरिडोन, फ्लुकोनॅझोल ही तितकीच ओळखीची औषधेही तेच करतात. त्यात उलट्या-जुलाबांनी रक्तातले पोटॅशियम उतरलेले असले, की ठोके बेताल होण्याची तयारी पूर्ण होते. आपल्या मजुराच्या पिशवीत अशी तीन औषधे एकत्र होती, आणि त्यातल्या दोहोंकडे कोणी 'मलेरियाचे औषध' म्हणून पाहिलेच नव्हते. माझ्या मते मलेरियाच्या औषधांतील सर्वांत दुर्लक्षित धोका हाच आहे, कारण यादीतले प्रत्येक औषध सुटे पाहिले तर बरोबरच वाटते. घराण्यात तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, आधीपासून हृदयविकार असेल, तर उपचारापूर्वी ईसीजी काढण्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

क्षयरोगावर रिफॅम्पिसिन चालू असलेल्यांची अडचण उलटी असते. रिफॅम्पिसिनमुळे यकृत इतर औषधांचा फार वेगाने निचरा करते. ल्युमेफॅन्ट्रिन, मेफ्लोक्वीन, ॲटोव्हाक्वोन यांचे प्रमाण खाली येते आणि पूर्ण कोर्स घेऊनही जंतू उरतात. फिट्सवरच्या कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन या औषधांचा परिणाम याच दिशेने होतो. को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक घेणाऱ्याला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देणे टाळतात, कारण दोन्ही एकाच पद्धतीची औषधे असल्याने दुष्परिणामांची बेरीज होते. गर्भवतींना मिळणारी फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची मोठी गोळी पायरिमेथामिनचा परिणाम बोथट करते, ०.४ मिलिग्रॅमच्या छोट्या गोळीची तेवढी अडचण नाही. मधुमेहींनी क्विनीन चालू असताना साखर वारंवार तपासावी, कारण क्विनीन इन्सुलिनचा स्राव वाढवते आणि साखर एकदम उतरू शकते. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत यांपैकी कशाहीबरोबर चालते.

काढे आणि पाल्यांविषयी थोडक्यात: उपचाराच्या दिवसांत ते नकोत. त्यांतल्या घटकांची मात्रा मोजता येत नाही, आणि आर्टिमिसिया वनस्पतीचा चहा मलेरियावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे.

पाचवी पायरी: प्रायमाक्वीनपूर्वीचे चार प्रश्न

बाळ एक वर्षाच्या आतले आहे का? स्त्री गर्भवती आहे का? ती अंगावर पाजते आहे का? आणि जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' असेल तर प्रायमाक्वीन देत नाहीत. तिसऱ्याला 'हो' असेल तर बाळाचे वय आणि बाळाच्या विकराची स्थिती पाहून निर्णय घेतात.

चौथा प्रश्न जरा सविस्तर पाहू. हा विकर तांबड्या पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवतो. तो जन्मतः कमी असला तरी माणूस एरवी ठणठणीत असतो, त्यामुळे कमतरता असल्याची त्याला कल्पनाच नसते. प्रायमाक्वीन पोटात गेल्यावर मात्र पेशी फुटू लागतात, लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी होते, डोळे पिवळे पडतात आणि जिना चढतानाच धाप लागते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने पुरुषांत अधिक आढळतो, आणि काही आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे जिथे मलेरिया जास्त तिथेच ही अडचणही जास्त. रक्ताची साधी तपासणी करून तो कळतो. कमतरता निघालीच तर प्रायमाक्वीन आठवड्यातून एकदा याप्रमाणे आठ आठवडे, देखरेखीखाली देण्याची पद्धत आहे. कुष्ठरोगासाठी डॅप्सोन चालू असेल तर तेही सांगावे, कारण तेही याच पेशी फोडते.

फॅल्सिपेरममध्येही प्रायमाक्वीन देतात, पण ते एकदाच, भारतात प्रौढाला दुसऱ्या दिवशी ४५ मिलिग्रॅम; हेतू हा की डासांमार्फत रोग पुढे जाऊ नये. १४ दिवसांचा आणि एकाच दिवसाचा हा फरक न कळल्यामुळे घरात दोन रुग्ण असले की गोळ्यांची अदलाबदल होते. मिश्र संसर्गात, म्हणजे दोन्ही प्रकारचे जंतू एकदम असताना, जोडऔषधाचा पूर्ण कोर्स आणि १४ दिवसांचे प्रायमाक्वीन दोन्ही द्यावे लागते.

टॅफेनोक्वीन हे प्रायमाक्वीनचे नवे भावंड एकाच मात्रेत काम संपवते, पण त्याचा जोडीदार क्लोरोक्वीनच असावा लागतो. आर्टिमिसिनिन-जोडऔषधाबरोबर त्याचा परिणाम उणा ठरला आहे. शिवाय ते आठवडे-आठवडे अंगात राहते, म्हणून आधी विकराची मोजमाप करणारी तपासणी अटळ असते.

सहावी पायरी: कोर्स प्रत्यक्ष घेताना

क्लोरोक्वीन आणि प्रायमाक्वीन जेवणानंतर घ्यावे. रिकाम्या पोटी मळमळ आणि कळा हमखास. ल्युमेफॅन्ट्रिनला तर अन्नातील स्निग्धता लागतेच, नाहीतर ते नीट शोषले जात नाही. तापात जेवण जात नसेल तर पेलाभर सायीचे दूध किंवा तूप घातलेली पेज पुरेशी होते. याच्या सहा मात्रा असतात आणि दुसरी मात्रा पहिलीनंतर आठ तासांनी घ्यायची असते. 'सकाळ-संध्याकाळ' या सवयीमुळे नेमकी तीच चुकते. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून मात्रा पुन्हा घ्यावी. तासानंतर उलटी झाली तर आपल्या मनाने जादा गोळी घेऊ नये. डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधे त्यापासून काही तास दूर ठेवावीत.

ताप पहिल्या दिवशी उतरला नाही म्हणजे औषध लागू पडले नाही, असे नव्हे. योग्य औषधानंतरही ताप उतरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. तीन दिवसांनीही ताप राहिला, तर रक्ताच्या काचेची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी पुन्हा करून घ्यावी. किटवरच्या चाचणीवर मात्र या वेळी विसंबू नये, कारण फॅल्सिपेरमचे प्रथिन जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहते आणि किट 'पॉझिटिव्ह'च दाखवत राहते; या एका गैरसमजातून दुसरा, तिसरा कोर्स सुरू झालेला असतो. झापड, झटके, सतत उलट्या, धाप, कावीळ, लघवी कमी होणे किंवा काळी होणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळ्या बदलत न बसता रुग्णालय गाठावे. तिथे शिरेतून आर्टेसुनेट दिले जाते आणि रुग्ण तोंडाने घेऊ लागला की जोडऔषधाचा पूर्ण कोर्स होतो. या दोहोंमध्ये एकच औषध पुन्हा येत असले तरी ती ठरवलेली साखळी आहे, दुहेरी मात्रा नव्हे.

आफ्रिकेत नोकरीसाठी जाणारे आणि तिथल्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवरचे आपले लोक प्रतिबंधक गोळ्या घेतात: रोज डॉक्सिसायक्लिन, आठवड्याला मेफ्लोक्वीन किंवा रोज ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. एकाच वेळी दोन प्रतिबंधक औषधे घेतल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. गोळ्या चालू असूनही मलेरिया झाला, तर उपचारासाठी तेच औषध पुन्हा वापरत नाहीत. परतल्यावर पहिल्या दोन गोळ्या चार आठवडे, तर तिसरी सात दिवस चालू ठेवायची असते, आणि त्या काळात इकडे ताप आल्यास कोणती गोळी चालू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

आता पिशवीकडे परत येऊ. तालुक्याच्या डॉक्टरांपुढे कागदावरचा हिशेब असा असेल: जोडऔषधाच्या पाकिटातला पहिला दिवस पूर्ण, पुढचे दोन बाकी, आर्टीथरची दोन इंजेक्शने, क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या, अझिथ्रोमायसिनच्या दोन, ऑनडॅनसेट्रॉनच्या तीन, शेवटची दुपारी दोनला. ईसीजी आणि पोटॅशियम तपासले जाईल, क्लोरोक्वीन आणि अझिथ्रोमायसिन थांबवले जाईल, रक्ताची काच पाहिली जाईल, आणि ठोके स्थिर असतील तर जोडऔषधाचा कोर्स नव्याने किती दिवसांचा द्यायचा हे ठरेल. आर्टेसुनेट किंवा आर्टीथरनंतर काही रुग्णांत दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होते, म्हणून घरी सोडताना हिमोग्लोबिन तपासायची तारीख त्याच कागदाच्या खाली लिहून घ्यावी. क्लोरोक्वीनच्या उरलेल्या सहा गोळ्या औषधाच्या डब्यात न ठेवता रुग्णालयात परत द्याव्यात. दोन वर्षांच्या मुलाला त्यातली एक-दोनही जिवावर बेतू शकते.